पट्ट्याचं शेवटचं भोक

१

ही हकिकत सांगायला अप्पाराव राजी नव्हता, आजही नाही. सांगायला लावलं ते अनसूयेनं, त्याच्या बायकोनं. पेडगावच्या पारावर तात्याराव जो येईल त्याला चहासोबत सांगायचा, की धोंड्याला आलेल्या जावयाचं भारी घड्याळ अप्पारावानं चोरून घातलं, पकडला गेला, अन् जावयानं मोठ्या मनानं ते त्यालाच देऊन टाकलं. ऐकणारे हसायचे. अनसूया पिठाच्या गिरणीवर गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. शेवटी ती अप्पारावासमोर भाकरीचं ताट आदळून म्हणाली, "खरं काय झालं ते तोंडानं सांगा. न्हाईतर मी म्हायेरी जाते."

पासष्टीच्या बाईला माहेर कुठलं राहतंय? पण ती बोलली, अन् अप्पारावाला तोंड उघडावं लागलं. वैताग सगळा. तिसरीत शाळा सुटलेला माणूस, पस्तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून घण मारला. त्याला गोष्ट रंगवता येत नाही. झालं ते सांगायचं, कळलं नाही ते कळलं नाही म्हणायचं. अट एकच, नात स्वरदा हिच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. बाकी कुणाला पटो न पटो, त्याची त्याला फिकीर नाही.

२

यंदा उन्हाळ्याची सुट्टी अन् धोंड्याचा महिना एकत्र आले. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. लेक राजेश्री, जावई महारुद्र अन् नऊ वर्षांची स्वरदा पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आले. जावई आला काय अन् न आला काय, अप्पारावाला सारखंच. त्याला नात पाहिजे होती.

घर शेतातच, रुळापासून हाकेच्या अंतरावर. ओसरी, माजघर, स्वैपाकघर, वर पत्रे. पेन्शनीत आल्यावर बांधलेलं. पाया अप्पारावानं स्वतः खणला होता. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. दुसरं काही निघालं नाही. हे आत्ता सांगायचं कारण पुढं येईल.

सकाळी सहाला सगळे विहिरीवर. पाटाचं पाणी झिरपतं म्हणून त्या विहिरीला मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असतं. अप्पाराव पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड नातीच्या पाठीला बांधायचा अन् तिला पाण्यात सोडायचा. ती हातपाय मारायची, किंचाळायची, पाणी प्यायची. तो पायरीवर बसून शिव्या घालायचा.

"आबा, मी बुडले ना!"

"लाकूड बुडतंय का कधी? मार पाय. बेडकी बरी तुझ्यापेक्षा."

"बेडकीला आबा नसतात ओरडायला."

असं चालायचं. अप्पारावाला वर्षातून हे पंधरा दिवस मिळायचे, त्यावर तो उरलेलं वर्ष काढायचा.

पहिल्याच दिवशी महारुद्रनं विहिरीच्या धावेवरून, वरच्या काठावरून उडी मारली ती घड्याळासकट. वर आला तेव्हा मनगटावर ते काळं ढब्बू घड्याळ पाण्यानं चमकत होतं.

"मामा, हे पाणबुड्यांचं घड्याळ आहे. तीनशे मीटर खाली गेलं तरी काही होत नाही."

"आमच्या हिरीत बारा फूट धरा. उरलेलं तुमी कुठं जाणार?"

राजेश्री हसली. महारुद्रही हसला, पण समजावून सांगायचं त्यानं सोडलं नाही. मूळचा वालूरचा, पण पुण्यात राहून त्याला सगळं समजावून सांगायची सवय लागलेली. घड्याळ स्वित्झर्लंडचं. आत सेल नाही. आत एक वजन आहे, हात हलला की ते फिरतं, त्यानं चावी बसते. हातातून काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद. बाहेरून दातेरी कडी, ती एकाच बाजूला फिरते, टक टक वाजत. पाणबुड्या खाली जाताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणून ठेवतो, म्हणजे वर कधी यायचं ते त्याला कळतं. किंमत त्यानं सांगितली नाही. राजेश्रीनं हळूच सांगितलं, की त्यात ट्रॅक्टर आला असता.

अप्पारावानं घड्याळ हातात घेऊन हलवून पाहिलं. आत वजन फिरलं, खर्र, खर्र. लय बारीक आवाज, लांबून जातं ऐकू यावं तसा. वस्तू चांगली होती. त्यानं तसं म्हटलंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागून घेतलं, पुन्हा हलवलं. एवढीच त्याची चूक. जन्मभर लोखंडात काम केलेल्या माणसाला चांगलं लोखंड दिसलं की तो हात लावणारच.

३

बुधवारी धोंडा झाला. जावयाला उटणं लावून अंघोळ, नवे कपडे, पाट, रांगोळी. अनसूयेनं पाणी ओतलं अन् अप्पारावानं खाली बसून, गुडघे कुरकुरत असताना, जावयाचे पाय परातीत धुतले. तेहतीस अनारसे दिले, वर दिवा लावून. जावई पायाची बोटं आखडून बसला होता. पुण्याच्या माणसाला गुदगुल्या झाल्या असतील.

त्यात अनसूयेनं आपली अक्कल चालवली. घरात नवी भारी वस्तू आली की ती आधी देवापुढं ठेवायची, हा तिचा नेम. मोटारसायकल आली तेव्हा ती देवघरात मावली नाही म्हणून तिची चावी ठेवली होती. तिनं महारुद्रचं घड्याळ काढून घेतलं, कडीवरच्या त्रिकोणावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं, पट्टा सरळ पसरून देवापुढच्या तांदळावर ठेवलं.

"पाच दिस राहू द्या तिथं. उचलायचं न्हाई मदी."

"पण मामी, ते बंद पडेल."

"पडू द्या. देवाला कुठं गाडी गाठायची हाय?"

देवघर म्हणजे माजघराच्या भिंतीतला एक कोनाडा, खाली फळी. बुधवारी अकराच्या सुमाराला घड्याळ तिथं बसलं अन् सगळे पुरणावर तुटून पडले. त्या दिवशी दुपारी सगळं घर कूलरपुढं पडून होतं. अप्पारावाला असं भरलेलं घर फार आवडायचं. तो ओसरीवर पडल्या पडल्या कुणाचं घोरणं कुठलं ते ओळखत होता. चार घोरणी निरनिराळी होती. त्याचं स्वतःचं धरलं असतं तर पाच.

४

शनिवारी जेवणं झाल्यावर स्वरदा माजघरातून ओरडली, "बाबा, तुमचं घड्याळ चालू आहे."

"गंमत करू नको. कालच बंद पडलंय ते."

"सेकंदकाटा फिरतोय."

महारुद्र उठला, गेला. अप्पारावही मागून गेला, कारण पोरगी कोनाड्यात हात घालून काही सांडवेल अशी त्याला भीती. घड्याळ चालू होतं. मोबाईलवरच्या वेळेला अचूक जुळत होतं. कुंकवाचं बोट बुधवारी वर, बाराच्या जागी होतं. ते आता चाराच्या आकड्याजवळ गेलं होतं, वीस मिनिटांच्या खुणेवर. कडी कुणीतरी फिरवली होती.

आणखी एक गोष्ट अप्पारावाला दिसली अन् त्या वेळी त्यानं ती मनावर घेतली नाही. अनसूयेनं पट्टा सरळ पसरून ठेवला होता. आता तो बकलात अडकवलेला होता. महारुद्रनं तो सोडवला अन् घड्याळ मनगटाला बांधलं. मग अप्पारावाकडं पाहून हसला.

"मामा, हौस होती तर मागायचं ना. मी नाही म्हणालो असतो का?"

"कशाची हौस?"

"तीन दिवस झाले. कुणीतरी रोज हातात घातल्याशिवाय हे चालत नाही. अन् तुम्ही दोनदा मागून घेतलं होतं."

"दोनदा मागितलं, दोनदा परत दिलं."

"तेच म्हणतो. मग चोरून कशाला घालायचं?"

हसतच म्हणाला. रागानं म्हणाला असता तर अप्पारावानं त्याला ओसरीवरून खाली घातला असता, जावई असो नाहीतर कलेक्टर. पण हसणाऱ्या माणसाला काय करणार? अन् तीन दिवसांपूर्वी त्याच माणसाचे पाय धुतलेले. अप्पाराव सरळ विहिरीवर जाऊन बसला अन् दुपारच्या चहालाही आला नाही.

राजेश्री बापाला बोलवायला आली. "दादा, घातलं असलं तर हो म्हणा. विषय संपला."

"अन् घातलं नसलं तर?"

"मग चाललं कसं ते?"

"मला काय ठावं? माझ्या बापाचा कारखाना हाय का स्वित्झर्लंडात?"

ती शेजारी पायरीवर बसली अन् म्हणाली, "ते म्हणायलेत की उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. उगं कटकट वाढायच्या आधी. मला काय इथून जायची घाई हाय का?"

अप्पारावानं विहिरीकडं पाहिलं. उद्या स्वरदाच्या पाठीचं लाकूड सोडायचं ठरलं होतं. पोरगी चार दिवस बोटं मोजत होती. अजून आठ दिवस राहायची होती. चोर ठरला त्याचं त्याला लागलंच, पण ते आठ दिवस जायला लागले ते जास्त लागलं. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

५

मग त्याला तो पट्टा आठवला.

घरात येऊन त्यानं जावयाला विचारलं, "दुपारी तुमी पट्टा सोडवला तो कितव्या भोकातून?"

महारुद्रनं आठवून पाहिलं. त्याचा चेहरा जरा बदलला. "शेवटच्या."

"तुमी कुठल्या भोकात घालता?"

"तिसऱ्या."

"आता माझ्या हातात घाला."

घण मारून मारून अप्पारावाचं मनगट खुंट्यासारखं झालेलं. पट्टा पहिल्या भोकातसुद्धा बसेना. बकल अन् भोक यांच्यात बोटभर अंतर राहिलं. राजेश्री हाडापेरानं बापावर गेलेली, तिला चौथं भोक लागलं. अनसूयेच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, त्यात संधिवातानं सांधे सुजलेले, तिला पाचव्याच्या पुढं जाईना. राहिली स्वरदा. तिच्या हातात शेवटच्या भोकात घातलं तर घड्याळ मनगटाभोवती फिरलं अन् मुठीवरून घसरून खाली पडायला आलं. तिनं ते झेललं.

"ढिलं होतंय," ती म्हणाली.

मोठ्याला बसत नव्हतं, लहानाला ढिलं होत होतं. माजघरात पाच माणसं त्या घड्याळाकडं बघत उभी होती. स्वैपाकघरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा अनसूया दचकली.

महारुद्रनं घसा खाकरला. "घालायलाच पाहिजे असं नाही. नुसतं हातात धरून हलवलं तरी चावी बसते."

"मग पट्टा कामून लावायचा शेवटच्या भोकात? दिशाभूल करायला? मला तेवढी अक्कल असती तर मी स्टेशनमास्तर झालो असतो."

"मामा, मी कुठं काय म्हणतोय?"

"म्हणलात. चोरून म्हणलात."

६

तोड अप्पारावानंच काढली. रेल्वेतली त्याची पत्र्याची ट्रंक होती, निळी, जाड पत्र्याची. घड्याळ तिच्यात ठेवायचं, कुलूप लावायचं, चावी जावयाच्या खिशात. मंगळवारी दुपारी उघडायची. बंद पडलेलं असलं तर घरातल्या माणसानं घातलं होतं, अन् तो माणूस अप्पाराव. चालू असलं तर घड्याळातच काही खोट आहे, वजन आपोआप फिरतंय, अन् जावयानं ते घेऊन दुकानदाराशी भांडावं.

अप्पारावाची खात्री होती की खोट घड्याळातच आहे. दुसरं काय असणार? घरापासून हाकेवर रूळ. मालगाडी गेली की मांडणीवरचे पेले वाजतात. त्या हादऱ्यानं वजन फिरत असंल. कुंकवाचा डाग अन् बकल यांचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं, पण एक उत्तर मिळालं की माणूस उरलेल्या दोन प्रश्नांकडं डोळेझाक करतो.

अन् आतली गोष्ट अशी, की हरला तरी मंगळवारपर्यंत पोरगी राहणार होती.

शनिवारी दिवेलागणीला त्यानं आपल्या जुन्या निळ्या सदऱ्यात घड्याळ गुंडाळलं, बोळा करून रिकाम्या ट्रंकेत टाकलं. महारुद्रनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

रविवारी सकाळी स्वरदाच्या पाठीचं लाकूड सोडलं. ती पायरी धरून पाच मिनिटं रडली. मग सोडली. दोन हात गेली, बुडाली, वर आली, खोकली, अन् पुन्हा निघाली. पलीकडच्या कडेला हात लावून तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा अप्पारावाला ओरडायला काही सुचेना.

"आबा, शिवी द्या ना!"

"बेडकी," तो म्हणाला.

दुपारी आमरस झाला. अप्पाराव तीन वाट्या प्याला अन् माजघरातच, ट्रंकेशेजारी सतरंजीवर पडला. अर्धवट झोपेत त्याला ट्रंकेत काहीतरी वाजल्यासारखं झालं. उंदीर असंल. ट्रंकेला उंदराला जायला जागा नाही, हे आठवायच्या आत त्याला झोप लागली. सोमवारी तो ओसरीवर झोपला. का, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. सोमवारी स्वरदा विहिरीत तीन चकरा पोहली, अन् जावई टाळ्या वाजवून म्हणाला, "मामा, पुण्यात यालाच महिन्याची फी घेतात." तेवढ्यापुरतं दोघांचं बरं होतं.

७

मंगळवारी राजेश्री, अनसूया अन् स्वरदा शेजारच्या मळ्यात कुरडया घालायला गेल्या. घरात सासरा अन् जावई दोघंच. बाराला लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, अन् मग तो किती आवाज करत होता ते कळलं.

अप्पाराव ट्रंकेवर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यावर. महारुद्र समोर भिंतीला टेकून, हातात चावी. एकला उघडायचं ठरलं होतं. पत्र्यातल्या काचेच्या झरोक्यातून ऊन सरळ खाली येत होतं अन् ट्रंकेपाशी पडत होतं. पत्र्यावर कबुतराची नखं खरडत होती. तीही थांबली. रुळावर गाडी नव्हती. वारा नव्हता.

"मामा, राग सोडा," महारुद्र म्हणाला. "बंद पडलेलं असलं तरी मी काही बोलणार नाही."

"तुमी आधीच बोललात."

तेवढ्यात अप्पारावाला बुडाखाली ते जाणवलं. ऐकू आलं नंतर.

खर्र.

मग जरा थांबून, खर्र. थांबून, खर्र. ते वजन फिरत होतं. हादऱ्यानं फिरलं असतं तर कसंही फिरलं असतं. हे सारखं होतं, एकामागून एक, मधे तेवढंच अंतर. अप्पारावानं पस्तीस वर्षं रुळावरून चालत काढली होती. माणूस चालताना हात कसा पुढं-मागं जातो, ते त्याला कुणी सांगायला नको.

कुणीतरी चालत होतं. घाई नव्हती त्याला.

ट्रंक तीन फुटांची. तीन फुटांत चालणार कुठं? आवाज तर चालत चालत लांब जात होता. मग वळला. मग जवळ आला. अप्पारावानं पाय वर उचलले नाहीत, कारण समोर जावई बसला होता.

महारुद्रला ऐकू आलं होतं. त्याच्या तोंडावरून कळत होतं. तो पुटपुटला, "काय वाजलं ते?"

अप्पारावानं नुसता हात वर केला.

खर्र थांबलं. अगदी त्याच्या खाली थांबलं. अन् मग कडी फिरायला लागली. टक. टक. टक. एकेक दात, जपून, जसं कुणी खुणेवर डोळा ठेवून फिरवतंय. महारुद्रनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सेलचं साधं घड्याळ, बारा वीस दाखवत होतं. कडी थांबली.

पाणबुड्या खाली जाताना कडी लावतो, हे जावयानंच सांगितलं होतं. अप्पारावाच्या डोक्यात एवढंच आलं, की खाली कुठं? खाली मुरूम आहे. मुरमाखाली पाषाण. मी स्वतः खणलंय.

आत आता काहीच वाजत नव्हतं.

"चावी," अप्पाराव म्हणाला.

"मामा, राहू द्या."

"चावी द्या म्हणलं ना!"

महारुद्रनं ती दिली नाही, त्याच्या हातातून पडली. अप्पारावानं उचलली, खाली बसला, कुलूप काढलं अन् झाकण एकदम उघडलं, कारण हळू उघडलं असतं तर त्यानं उघडलंच नसतं.

ऊन सरळ ट्रंकेत पडलं. आतलं सगळं लख्ख दिसत होतं. बोळा करून टाकलेला सदरा एका कोपऱ्यात होता, चौकोनी घडी करून, बाह्या आत दुमडून. घड्याळ मधोमध होतं. पट्टा शेवटच्या भोकात अडकवलेला, गोल, उभा. त्या गोलातून पलीकडचा निळा पत्रा दिसायला पाहिजे होता.

तो दिसला नाही.

अप्पारावाला याच्यापुढं विचारू नये. अंधार होता का, तर नव्हता. काही हाललं का, तर त्यानं ते पाहायची वाट पाहिली नाही. झाकण पाडलं अन् कुलूप लावलं. त्याच्या खांद्यावरून महारुद्रनंही पाहिलं होतं. अप्पारावाच्या मानेवर त्याचा श्वास लागत होता, तो थांबला होता.

८

महारुद्र विहिरीवर जाऊन बसला तो उन्हं कलेपर्यंत. अप्पाराव ओसरीवर बसला.

संध्याकाळी बायका पोरीसकट आल्या, हाताला चीक लागलेला, हसत. राजेश्रीनं आल्या आल्या विचारलं, "उघडली का? काय झालं?"

महारुद्रनं अप्पारावाकडं पाहिलं नाही. सरळ स्वरदाकडं पाहिलं अन् म्हणाला, "बंद होतं."

"म्हणजे..."

"म्हणजे काही नाही. मामांना हौस होती. त्यांनाच राहू द्या ते. आपल्या घरातलंच माणूस आहे."

राजेश्रीचे डोळे भरले. नवऱ्याचं मन केवढं मोठं, असं तिला वाटलं असणार. अनसूयेनं कपाळावर हात मारला. स्वरदा जवळ आली अन् आजोबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, मला सांगितलं असतं तर मी आणून दिलं असतं गुपचूप."

अप्पारावाला तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. नाही म्हणावं तर ट्रंक उघडावी लागणार. खरं सांगावं तर ज्या घरात हे आहे त्या घरात पोरगी पुन्हा कोण पाठवणार? जावयानं खोटं का सांगितलं ते त्याला कळत होतं. त्याच्या जागी तोही तेच बोलला असता. फरक एवढाच, की जावयाच्या खोट्यानं जावई मोठा झाला अन् सासरा चोर.

"व्हय," अप्पाराव म्हणाला. "हौस होती."

पाहुणे उरलेले पाच दिवस राहिले. रोज सकाळी विहीर, दुपारी सगळे निंबाखाली बाजा टाकून झोपायचे. आत उकडतंय, असं जावई म्हणायचा अन् अप्पाराव लगेच हो म्हणायचा. त्या दोघांचं एवढं एकमत लग्नातसुद्धा झालं नव्हतं. शेवटच्या दिवशी स्वरदा तळाशी बुडी मारून मूठभर गाळ घेऊन वर आली. गाडीत बसताना तिनं बापाकडून दिवाळीला यायचं वचन घेतलं, दिलं नाही, घेतलं. ती येणार आहे.

तेव्हा अप्पारावाचं तसं बरं चाललंय. ट्रंक त्यानं उघडलेली नाही, हलवलेलीही नाही. तिच्यावर अनसूयेनं गोधड्या रचल्यात. दुपारी बाराला तो शेतात जातो अन् एकला जेवायला येतो. कधी कधी रात्री भाकरी खाताना त्याला वाटतं, की घड्याळात काही नव्हतं अन् जावयातही नव्हतं. जे काही आहे ते अठरा वर्षं आपल्यासोबत याच घरात राहतंय. एवढ्या वर्षांत हातात घालायसारखं काही कुणी देवापुढं ठेवलं नाही, म्हणून कळलं नाही. पण आजवर त्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. चालतं बिचारं. सदऱ्याची घडीसुद्धा घालून ठेवतं. अनसूयेनं त्याच्या सदऱ्याची अशी घडी कधी घातली नाही.

ते तसंच राहू दे. तात्यारावाचंही सोडा, त्याला पारावर बसायला काहीतरी लागतं. लेकीनं बोललेलं अप्पारावानं केव्हाच माफ केलं. पण एक माणूस त्या उघड्या ट्रंकेपाशी त्याच्या शेजारी होता, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दर रविवारी त्याचा फोन येतो. तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो, घर दुरुस्तीला काढा म्हणतो, शहरात या म्हणतो. तो शब्द तेवढा काढत नाही. चोर म्हटल्याबद्दल अप्पारावाची माफी मागायची राहिली आहे ती त्याची, महारुद्रची.